पाचची बोट

ते उभे राहिले, की उजव्या हाताने डाव्या मनगटावरचे घड्याळ झाकत. वेळ पाहून झाली, आता तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा तो आविर्भाव असे. मग म्हणत, "साहेब, जहाज कोणासाठी थांबत नाही."

दुबईत जबल अली बंदराजवळच्या आमच्या गोदामातून कंटेनर रवाना करण्याचे काम अठ्ठावीस वर्षे त्यांच्याकडे होते. मी त्यांचा वरिष्ठ. बंदरात माल पोचण्याची अंतिम वेळ सहाची असली, तर चालकांना ते तीन सांगत. एक वयस्क पठाण चालक कुरकुरे, "हबीबी, जहाज अभी समंदर में है, और आप इधर पसीना निकालते हो." ते हसत नसत. "यल्ला, चला," एवढेच म्हणत. त्यांच्या काळात आमचा एकही कंटेनर मागे राहिला नाही. हे आधी नोंदवतो. पुढचे वाचून त्यांच्याविषयी गैरसमज नको.

अल कुसैसच्या त्यांच्या घरी फ्रिजवर एका जुन्या कॅलेंडरचे पान चिकटवलेले होते. इटलीचे काप्री बेट; निळ्या समुद्रातून वर आलेले तीन सुळके. वर्ष सरले, पान राहिले. मी जेवायला गेलो, की वहिनी पोळी वाढता वाढता म्हणत, "भाऊजी, यांना जगातली जहाजं पाठ. मला एका बोटीत बसवलं नाही."

"नेईन गं. सीझन संपू दे."

गोदामात सीझन संपत नसतो. अशी आश्वासने आपणही घरोघरी ऐकली असतील.

निवृत्तीला दोन महिने उरले. त्यानंतर व्हिसा रद्द होणार, बिऱ्हाड नाशिकला जाणार. तेव्हा कुठे रजेचा अर्ज आला. मी सही केली. नेपल्सला सहा दिवस, त्यांतला एक बेटासाठी.

परतल्यावर त्यांनी हकीकत सांगितली. उभ्यानेच.

सकाळच्या पहिल्या बोटीने ते गेले. परतीची तिकिटे पाचच्या बोटीची होती. चढणीवर लिंबांच्या बागा, अरुंद पायऱ्या. एका कठड्यावर बसून वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. सुळके पाहायचे, तर माथ्यावर जायला हवे होते. तारेवरून सरकणाऱ्या, एकेकट्याने बसायच्या खुर्च्या, रांग लांब. दोन वाजता त्यांनी घड्याळ झाकले.

"चल खाली. धक्क्यावर वेळेत पोचू."

"अहो, बोट पाचला आहे."

"जहाज कोणासाठी..."

"मी कंटेनर नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जा. मी बघून येते."

ते खरोखरच गेले. तीनपासून धक्क्यावर, पिशवी दोन पायांत धरून. वहिनींचा फोन लागेना. बोट आली. माणसे चढली. खलाशाने खुणेने विचारले, येता का? यांच्या हातात दोन तिकिटे.

"मग?" मी विचारले.

"नाही म्हणून मान हलवली, साहेब. गेली बोट."

वीस मिनिटांनी वहिनी आल्या, उन्हाने लाल झालेल्या.

"गेली ना?"

"जाऊ दे. सातची आहे अजून एक. सुळके तीन होते का?"

"तीनच. पण मधल्याला आरपार भोक आहे. कॅलेंडरात दिसत नाही ते."

मी म्हणालो, "म्हणजे एवढ्या लांब जाऊन तुम्ही सुळके पाहिलेच नाहीत?"

"तिनं सांगितले की," ते म्हणाले. "सातपर्यंत तेच सांगत होती."

नाशिकला जायच्या दिवशी त्यांना विमानतळावर पोचवायला मी गाडी घेऊन गेलो. ते खाली सामानापाशी उभे होते. वहिनी वर शेजारणींना कुंड्या वाटत होत्या. दहा मिनिटे गेली. वीस गेली.

"हाक मारा त्यांना," मी म्हणालो. "विमान थांबायचे नाही."

"येईल, साहेब. तिचं होऊ दे."

मी पुन्हा घड्याळ पाहिले. त्यांचे दोन्ही हात खिशात होते.