वीस चादरींचा आळ

रुग्णालयाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे मावशी म्हणत. स्वभाव संशयी. साबणाची नवी वडीसुद्धा हातावर तोलून बघायच्या. पण त्या वर्षी लोकच त्यांच्यावर संशय घेऊ लागले.

वॉर्डांत चादरी कमी पडू लागल्या होत्या. असायला हव्यात पाचशे, मोजल्या तर चारशे ऐंशी. वीस चादरी धुलाईघरातूनच गेल्या, असं स्टोअरकीपरने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर बायकांच्या पिशव्या उघडून बघायला लागले. इस्त्रीवालीच्या पिशवीत पांढरा टॉवेल निघाला, तिच्या घरचाच, तरी तिला दोनदा साहेबांपुढे उभं केलं. वर नोटीस लागली: मोजणीत चुका होतात, सबब महिन्याभरात सर्वांनी अंकगणिताची परीक्षा द्यावी.

"आपल्याला घालवायचा डाव आहे हा," मावशी म्हणाल्या. त्यांची शाळा चौथीत सुटली होती.

घरात नणंद होती, निवृत्त शिक्षिका. कामावरून आलं की दोघी टेबलाशी बसू लागल्या.

"वहिनी, चौथा भाग मोठा की पाचवा?"

"पाचवा. पाच मोठे ना चारापेक्षा?"

नणंदेने वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, एकीचे चार तुकडे केले, दुसरीचे पाच. मावशींनी तुकडे एकमेकांवर ठेवून नीट पाहिले. वन्संनी कापताना हातचलाखी तर केली नाही? एक आणि सतरा सोडले तर सतराला कशानेच भाग जात नाही म्हटल्यावर त्यांनी दोनापासून सोळापर्यंत प्रत्येकाने भागून पाहिलं, तेव्हा कुठे मान हलवली.

मग टक्के आले.

"शंभर चादरी आहेत. वीस टक्के कमी केल्या, मग वीस टक्के वाढवल्या. किती झाल्या?"

"शंभर. त्यात काय एवढं?"

"शहाण्णव."

मावशींनी पेन्सिल खाली ठेवली. "चार कुणी नेल्या?"

"कुणी नाही नेल्या, वहिनी! वीस काढल्यावर ऐंशी उरल्या. आता वाढवायच्या त्या ऐंशीच्या वीस टक्के. म्हणजे सोळाच."

"काढताना मोठ्या ढिगातून, घालताना लहान ढिगावरून? यात काहीतरी पाणी मुरतंय."

त्यांनी काडेपेट्या रिकाम्या करून शंभर काड्या मांडल्या. वीस उचलल्या, सोळा ठेवल्या. तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा शहाण्णव. स्टोअरच्या दारावरचा कागद त्यांना आठवला: 'गेल्या वर्षी वीस टक्के चादरी बाद. यंदा वीस टक्के नव्या. साठा पूर्ववत.'

"वन्सं, पाचशेतून वीस टक्के गेल्या तर उरतात चारशे. चारशेचे वीस टक्के?"

"ऐंशी." नणंदेच्या लक्षात आलं तशी ती ताठ बसली. "वहिनी, चारशे ऐंशी!"

दुसऱ्या दिवशी मावशी इस्त्रीवालीला घेऊन स्टोअरमध्ये गेल्या. आपल्याच शब्दांत आपल्याला अडकवतील, ही धाकधूक होतीच.

"साहेब, यंदा नव्या चादरी किती आल्या?"

"वीस टक्के."

"टक्के नकोत, नग सांगा."

स्टोअरकीपरने कपाळाला आठ्या घालत रजिस्टर उघडलं. "ऐंशी."

"आणि बाद किती झाल्या होत्या?"

"शंभ..." तो थांबला. कॅल्क्युलेटर पुढे ओढून दोनदा बटणं दाबली. "अशा नजरचुका होतात."

"नजर तुमची चुकली आणि पिशवी माझी उलटी केलीत," इस्त्रीवाली म्हणाली.

दारावरचा कागद त्याच दिवशी निघाला. पिशव्यांची झडती मात्र आणखी चार दिवस चालली, मग कुणी काही न बोलता बंद झाली. माफी कुणीच मागितली नाही. परीक्षा झाली, मावशींना वीसपैकी सतरा मिळाले. त्यांनी पेपर मागून घेतला आणि चुकलेली तिन्ही गणितं पुन्हा करून पाहिली. चूक आपलीच निघाल्यावर जरा हिरमुसल्या.

महिन्याने वीस नव्या चादरींचा गठ्ठा आला. स्टोअरकीपरने सहीसाठी वही पुढे केली. मावशींनी आधी गठ्ठ्याची दोरी सोडली, एकेक चादर मोजून बाजूला ठेवली, इस्त्रीवालीकडून पुन्हा मोजून घेतली, आणि मगच पेन हातात घेतलं.