पेटीवरून नेलेला पाइप: सोनिवली ते कॅम्प चार आणि परत

या ब्लॉगवर मी एरवी घाट, धरणं आणि किल्ल्यांबद्दल लिहितो. या वेळचा प्रवास तसा नाही. बदलापूरजवळच्या सोनिवलीहून निघून अंबरनाथमार्गे उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका गॅरेजात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढाच. ट्रकचं काम करून घ्यायला या भागात जाणारे वाचक बरेच आहेत, म्हणून रस्ता आणि काम दोन्ही सांगतो.

बोलावणं शोभावहिनींचं होतं. माझा मावसभाऊ बाळूदादा वारल्याला वर्ष होत आलं. त्याच्या मागे वहिनी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सहा चाकांचा एक जुना डंपर. डंपर खडी वाहायचा. खाणीच्या धुळीने त्याचा एअर फिल्टर सारखा तुंबायचा, कारण हवा ओढणारं तोंड खाली, चाकाजवळ होतं. म्हणून दादाने बाहेरच्या कंपनीचा मोठा फिल्टर आणि केबिनच्या वरून हवा घेणारा पाइप आणून ठेवला होता. ते बसवायच्या आधीच दादा गेला. खोका पलंगाखाली तसाच पडून राहिला.

आता खाणीवरच्या क्रशरवाल्याने वहिनींना सांगितलं होतं की सोमवारपासून गाडी लावा, पण धुळीत बंद पडणारी गाडी मला नको. दुसरीकडे वहिनींच्या भावाने गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. बाईमाणसाने डंपर सांभाळायचा म्हणजे ड्रायव्हरच्या जिवावर राहायचं, असं त्याचं म्हणणं. सोमवारी गाडी खाणीवर उभी राहिली तर घरात राहणार, नाहीतर तो गिऱ्हाइकाला घेऊन येणार, असं बहीणभावात ठरलं होतं. वहिनींना सोबत कोणीतरी घरचं हवं होतं. मी शनिवारी पहाटे ठाण्याहून निघालो.

शिळफाट्यावरून काटईला वळून पाइपलाइनच्या रस्त्याने बदलापूर गाठणं सकाळी सोपं जातं. आठनंतर निघाल तर नाक्यानाक्यावर अडकाल. सोनिवलीत आता उंच इमारती झाल्या आहेत. त्यांच्या मागच्या अंगाला वहिनींचं घर आणि अंगणात डंपर. ड्रायव्हर रामदास टायरला हातोडीने ठोकून बघत होता. तो दादाच्या वेळेपासूनचा. मला बघून म्हणाला, "भाऊ, पुढं बसा. वहिनी खिडकीला बसतात, नाहीतर माझ्या गाडी चालवण्यावर बोलत बसतात."

"चालव नीट, मग नाही बोलणार," वहिनी म्हणाल्या.

रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला आलो आणि अंबरनाथच्या रस्त्याला लागलो. ऑक्टोबर होता. पाऊस संपलेला, रस्त्यावरचे खड्डे मात्र तसेच आणि त्यांतून उडणारी धूळ काचेवर. कारखान्यांच्या पट्ट्यात खिडकी बंद ठेवावी लागते, वासाने डोळे चुरचुरतात. अंबरनाथचं शिवमंदिर बघायचं असेल तर इथून आत वळावं लागतं. आम्ही वळलो नाही. वालधुनी नदीवरून जाताना पाण्याचा रंग बघितला आणि वहिनींनी नाकाला पदर लावला.

कॅम्प चारमध्ये मोठी गाडी घेऊन जाणार असाल तर दुकानं उघडायच्या आधी पोचा. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाकी, आणि एकदा माल उतरवणारे टेम्पो लागले की मागे घेणंही जमत नाही. नंदू मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढची मोकळी जागा. त्याच्याकडे आमचा नंबर लागेपर्यंत मी समोरच्या गाडीवर दाल पकवान खाल्लं. कडक पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. साठ रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. गाडीवाले साई (सिंधी माणसाला इथे असंच म्हणतात) वहिनींसाठी वेगळी प्लेट बांधत होते. त्या नको म्हणाल्या. तरी त्यांनी बांधली आणि म्हणाले, "बाळूभाई की गाडी है ना? उनका तो इधर ही नाश्ता रहता था."

नंदूने केबिन पुढे कलती केली आणि नवा फिल्टर मागच्या बाजूला धरून बघितला. जागा बरोबर होती. अडचण एकच. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप नेमका तिथूनच जात होता. तो दुसरीकडून न्यायला हवा होता.

न्यायला जागा होती, खालून. पण तिथे चासीला एक लोखंडी पेटी जोडलेली होती. पाने, जॅक, दोऱ्या ठेवायची. ती दादाने स्वतः केली होती. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत त्यांच्याकडे जी लोखंडी खाट होती, ती मोडल्यावर तिच्याच अँगलची. वेल्डिंग याच शेडमध्ये केलं होतं. अँगल धरून उभा होता नंदू. पेटी एका बाजूला थोडी तिरकी आहे, आणि त्यावरून दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं चिडवत आले, हे मला रामदासने सांगितलं.

नंदूने पाइपवर हात ठेवला. "वहिनी, पेटी कापून काढू. पाइप खालून जाईल, सरळ काम आहे."

"पेटी कापायची नाही."

"दुसरी करून देतो. याच्यापेक्षा सरळ."

"नंदू, दुसरी नको. त्यांच्या हातचं काही कापायचं नाही. वरून ने पाइप."

त्याने पाइप पेटीच्या वर धरून दाखवला. मग सावकाश सांगितलं, "पाणी टाकीपेक्षा वर चढवायचं नसतं, वहिनी. वर हवा बसते. मग पाणी पुढं जात नाही."

पदर सारखा करून वहिनी लाकडी बाकावर जाऊन बसल्या. नंदूने माझ्याकडे बघितलं, मी रामदासकडे. चहा आला. नंदूने चहा संपवला, हात पुसले, आणि लांब पाइप आणायला माणूस पाठवला. पेटीवरून कमान करून पाइप नेला. सगळ्यात उंच जागी हवा काढायचा एक स्क्रू बसवला. रोज सकाळी गाडी चालू केली की हा सैल करायचा, फेस जाऊन पाणी आलं की घट्ट करायचा, असं त्याने रामदासकडून दोनदा म्हणवून घेतलं. इंजिन तासभर उभ्या जागी चालवून बघितलं. तापमानाचा काटा मधोमध होता. नव्या फिल्टरमुळे आवाज बदलला होता, भरदार लागत होता. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा वहिनी मागे सरल्या. नंदूने नारळ उचलून त्यांच्याच हातात दिला आणि बोलला, "मालकीण तुम्ही आहात." त्यांनी फोडला.

दुपार कलल्यावर निघालो. अंबरनाथच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता आणि गाड्या इंच इंच सरकत होत्या. ऊन उजव्या अंगाने. थोड्या वेळाने काटा वर चढू लागला. रामदासने गाडी कडेला घेतली, इंजिन निवू दिलं, स्क्रू सैल केला. फेस आला, मग गरम पाणी. त्याने पाणी भरलं. वहिनी आधी खाली उतरायला तयार नव्हत्या. स्क्रूपर्यंत पोचायला केबिन कलती करायची नसती तर त्या मला वाटतं तिथेच बसून राहिल्या असत्या. शेवटी रामदासने विनवलं तेव्हा उतरल्या आणि गटाराच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. टोइंगवाल्याला बोलावू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पोचेल, भाऊजी."

पुन्हा निघालो. कोंडीतून सुटलो तरी काटा चढतच होता. मग कारखान्यांच्या पट्ट्यात तो एकाएकी खाली आला. एकदम थंडीकडे. रामदासने सुस्कारा सोडला. "उतरला. हवा गेली वाटतं."

वहिनी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या. सोमवारी पहिल्या फेरीला स्वतः क्रशरवर जाणार, मुलीची सुट्टी असली तर तिलाही नेणार, भावाला तिथूनच फोन लावणार. रामदास म्हणाला, भावाला फोन लावा तेव्हा हॉर्न मी वाजवतो. वहिनी हसल्या. दादा गेल्यानंतर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

खरवई नाक्याच्या अलीकडे इंजिनातून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागीच बसली. इंजिन पुन्हा फिरलंच नाही. रात्री टोइंगवाल्याने गाडी ओढून सोनिवलीला आणली.

रविवारी नंदू स्वतः सोनिवलीला आला. पैशांचं काही बोलला नाही. इंजिन उघडलं. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वाकलं होतं, पिस्टन तापून आतच अडकले होते. काटा खाली का आला ते त्याने तेव्हा सांगितलं. ताप मोजणारं बटण पाण्यात बुडालेलं असेल तरच खरं सांगतं. पाणी सरकून तिथे नुसती वाफ उरली, म्हणून काटा पडला. आम्ही हसत होतो तेव्हा आत पाणी नव्हतं. नवीन इंजिन बसवायचं तर गाडीच्या किमतीच्या जवळ जात होतं. नंदूने आपल्याकडचं जुनं इंजिन देऊ केलं, पण ते तयार व्हायला महिना लागला असता, आणि क्रशरवाला सोमवारच्या पुढे थांबणार नव्हता.

वहिनींचा भाऊ गिऱ्हाइकाला घेऊन मंगळवारी आला. तो काही टोचून बोलला नाही, त्यामुळे घर आणखीच शांत वाटलं. गाडी ओढून न्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या माणसाने विचारलं, पेटीत सामान आहे, काढून घेता का, पेटी हवी असेल तर कटर आहे. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "राहू दे. घेऊन जा सगळं." आणि आत गेल्या.

मी ठाण्याला परतलो तेव्हा कपड्यांना अजून कूलंटचा गोडसर वास येत होता. इतर प्रवासांतून मी फोटो आणतो. या वेळी गॅरेजातला एकच निघाला, वहिनी नारळ हातात धरून उभ्या असलेला. तो इथे लावलेला नाही. रामदासला खोणीच्या बाजूला दुसरी गाडी मिळाली. मुलीचं कॉलेज चालू आहे. वहिनी खरवईतल्या एका नवीन सोसायटीत पोळ्यांची कामं करतात. जायला रिक्षा त्याच रस्त्याने जाते.

हे लिहायच्या आधी मी त्यांना फोन करून विचारलं. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, नंदूचं नाव खराब करू नका. तो खालूनच न्यायला सांगत होता. मी नको म्हटलं, असं लिहा."

तसं लिहिलं आहे. तुमच्या गाडीला असा फिल्टर बसवणार असाल तर पाण्याचा पाइप टाकीच्या खालूनच न्या. मध्ये जे येत असेल ते आधी काढा.