नागम्माचे हात

उदगीरच्या बाजारात विरूपाक्षअप्पांचं भांड्यांचं दुकान. माणूस सरळ, वजनात कधी खोट केली नाही. पण एक गोष्ट त्यांनी बायकोपासून सहा वर्षं दडवून ठेवली.

त्यांची बायको नागम्मा पहाटे उठायची, न्हायची, इष्टलिंगाची पूजा करायची. यात नवल काही नव्हतं. नवल पुढंच होतं. नळ बंद करायच्या आधी नळ धुवायचा, नळाला हात लागला म्हणून पुन्हा हात धुवायचे. न्हाताना गल्लीत कुणी खाकरलं की अंघोळ पहिल्यापासून. मुलगी मंजुश्री शाळेतून आली की मागच्या दारात उभी राहायची. डिसेंबरच्या थंडीतही डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. एकदा तर तिचं दहावीचं हॉल तिकीट नागम्मानं धुऊन दोरीवर वाळत घातलं. पोरगी हुंदके देऊन रडली. अप्पा मात्र दुकानात हसत सांगत होते, "आमच्या हिचं लई कडक हाय बगा." शेजारणी म्हणायच्या, नागम्माक्कासारखी शिवभक्त गल्लीत दुसरी नाही. अप्पांची छाती फुगायची.

हात फुटून रक्त यायला लागलं तेव्हा त्यांनी तिला लातूरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी हात पाहिले, तिला बाहेर बसवलं आणि म्हणाले, "मलम देतो. पण दुखणं हातात नाही. मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा."

अप्पांच्या डोळ्यांपुढं साखळ्या आणि विजेचे झटके उभे राहिले. त्यात पोरगी लग्नाची. बाहेर येऊन ते नागम्माला म्हणाले, "मलम लाव म्हणलेत. बाकी काई न्हाई."

मंजुश्रीला रेणापूरला दिली. तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात अप्पा तिला आणायला गेले तर ती म्हणाली, "अप्पा, मी बाळंतपणाला येत न्हाई. तान्ह्या लेकराला अव्वा दिवसातून किती येळा धुवंल?"

अप्पा रिकामेच परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कातडीच्या डॉक्टरांकडं फोन करून मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. डॉ. दीपमाला. त्यांचा दवाखाना तिथून दोनच गल्ल्या पुढं होता.

तिथं आरडाओरड नव्हती, साखळ्या नव्हत्या. झोप लागत नाही म्हणून आलेले एक गुरुजी होते, आईसोबत आलेली कॉलेजची पोरगी होती. तोंडाला रुमाल लावून बसलेले एकटे अप्पाच.

डॉक्टरांनी नागम्माला विचारलं, "धुताना मनात काय येतं?"

पंचवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती खाली बघत म्हणाली, "हात स्वच्छ झालेत हे मला कळतंय. पण धुतलं न्हाई तर पोरीला काईतरी होईल असं वाटतंय. थांबताच येत न्हाई. पूजेतबी जीव लागंना झालाय."

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले.

"ही भक्ती नाही आणि वेडही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतील. सोबत, न धुता ती भीती कशी सोसायची, हे आमच्या समुपदेशक मॅडम दर आठवड्याला थोडं थोडं करवून घेतील. यापूर्वी कुणी तुम्हाला आमच्याकडं पाठवलं नव्हतं का?"

अप्पांनी तोंडावरचा रुमाल काढला. "सांगितलं होतं. सहा वर्षांखाली. मीच आणलं न्हाई."

नागम्मानं त्यांच्याकडं पाहिलं. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाली, "तवा मंजी घरात होती."

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला दोघं लातूरला जात राहिले. चौथ्या महिन्यात नागम्मा नळ एकदाच धुऊन उठायला लागली. कधी जमायचं, कधी नाही. मग ती स्वतःच म्हणाली, "रेणापूरला जाऊ."

मंजुश्रीनं दार उघडलं. हातांत दोन महिन्यांचा नातू होता. आईला बघताच ती दोन पावलं मागं सरली आणि लेकराला पाळण्यात ठेवून पाणी आणायला गेली. नागम्मा पाळण्याजवळ बसून राहिली, हात पदरात घेऊन. उचल म्हणायला कुणी आलं नाही, आणि तीही आपणहून पुढं झाली नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर ती म्हणाली, "माज्याजवळ यायची तिला सवयच राहिली न्हाई वो."

अप्पांनी तिचा खरबरीत हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही.