नंतर घातलेला चौकोन

मित्राच्या रोपवाटिकेसाठी वेबसाइटचं एक पान जुळवत बसलो होतो. तयार साच्यात मी एक नवा चौकोन घातला, त्याला अबोलीचा रंग दिला, अक्षरं मोठी केली आणि सेव्ह केलं. पान पुन्हा उघडलं, तर चौकोन जागेवर होता, पण पांढराफटक आणि बारीक अक्षरांचा. बाकीच्या चौकोनांचे रंग शाबूत होते.

"बाबा, साच्यात आधीपासून असतात त्यांचंच रंगरूप हे सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं," मुलगा जाता जाता म्हणाला. "नंतर घातलेल्याचं वेगळं सांगावं लागतं."

मी पुन्हा रंग दिला. बायको गेल्यावर मी मुलाच्या घरी राहायला आलो. मला खोली आहे, खिडकीशी खुर्ची आहे, सगळे प्रेमाने वागतात. तक्रार करायला काही नाही, हीच पंचाईत. त्या चौकोनालाही जागा मिळाली होतीच की; फक्त तो कसा होता, ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून सुनेने रोजच्यासारखं विचारलं, "बाबा, चहात साखर किती घालू?"

मी बिनसाखरेचा पितो. रोज सांगतो. आज म्हटलं, "सगळ्यांना घालतेस तेवढीच घाल."