सातवा खेळाडू

गेल्या रविवारची सकाळ. सोलापुरातलं आमचं नेहमीचं मैदान, लीगची फायनल, आणि विणकर इलेव्हनचे सातच खेळाडू आलेले...

मी शाळेत पी.टी. शिकवते आणि बरीच वर्षं आमच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये रेफरी आहे. नियमाप्रमाणे एका टीमचे किमान सात जण मैदानात लागतात. सात आहेत म्हटल्यावर मी मॅच सुरू केली.

ही लीग गिरण्यांच्या काळातली. गिरण्यांच्या टीम, रेल्वे कॉलनीची टीम, पूर्व भागातल्या विणकरांच्या दोन-तीन टीम. जुने लोक सांगतात, पाळी सुटली की कामगार घरी न जाता केसांत कापूस घेऊन तसेच मॅचला यायचे.

गिरण्या बंद पडल्या, तशा त्यांच्या टीम गेल्या. मग पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली... मागे राहिली ती टर्फवर क्रिकेट खेळायला लागली. यंदा नावं दिली फक्त दोन टीमनी. म्हणजे पहिली मॅच तीच फायनल!

पण ती पूर्ण होणं गरजेचं होतं. मैदान ज्या संस्थेचं आहे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं... यंदा लीग नीट पार पडली तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून रविवारची सकाळ क्रिकेट कोचिंगला.

विणकर इलेव्हनमध्ये नागेश अण्णा होते. वय पन्नाशीला आलेलं, टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर मागावर उभं राहून काम. एकेकाळी ते डिफेन्सला असले की समोरचे फॉरवर्ड दुसऱ्या बाजूनं जायचे. यंदा मात्र आकडा भरावा म्हणून बूट घालून आले होते.

हाफ टाइमच्या जरा आधी अण्णांच्या पोटरीत चमक भरली. लंगडत बाहेर निघाले आणि आपल्या गोलपोस्टजवळच्या लाइनपाशी येऊन थांबले. मागे वळून आपल्या टीमकडे बघितलं.

मी जवळ गेले. "अण्णा, बाहेर बसा बघू."

"मी भाईर गेलो तर सहाच राहतेत की, मॅडम."

"अहो, तुम्हाला चालता येत नाहीये."

"चालायचं कशाला? हितंच उभा राहतो. उभा हाय म्हणजे खेळतोय... तसंच असतंय न्हाय का?"

नुसतं उभं राहू नये असं नियमात कुठं लिहिलेलं नाही. मी खेळ पुढे चालू ठेवला. ती मॅच मलाही पूर्ण व्हायला हवी होती...

समोरच्या टीमचा कॅप्टन इम्रान. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. ते चांगल्या चार गोलनी पुढे होते. तो आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, टेन्शन नक्को. आमी बॉल तिकडं नेतच न्हाय. टाइम काढू, संपवू."

आणि खरंच, सेकंड हाफभर ते आपापसात पास देत राहिले. कुणी कुणाला अडवेना, कुणी ओरडेना. अण्णा गोलपोस्टला हात लावून एका पायावर उभे... इतकी सभ्य मॅच मी कधी खेळवली नव्हती. बघवत नव्हतं.

मॅच संपायला थोडाच वेळ राहिला होता. इम्रानच्या टीममधल्या एका पोराचा पास चुकला आणि बॉल संथपणे घरंगळत अण्णांच्या दिशेनं निघाला. सोडून दिला असता तरी बाहेरच गेला असता...

पण आयुष्यभर डिफेन्स खेळलेला माणूस. अण्णांनी पोस्टवरचा हात काढला आणि बॉलवर झेप घेतली. विचार करून नाही, पायच गेला त्यांचा.

फट् असा आवाज मला लांबून ऐकू आला. अण्णा खाली पडले आणि मागे वळून बघायला लागले, कुणीतरी लाथ मारल्यासारखं. मागे कुणीच नव्हतं.

मी धावत पोहोचले तेव्हा ते हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न करत होते. "शिट्टी वाजवू नका, मॅडम... बसून राहतो. बसल्यालं चालत न्हाय का?"

इम्राननं त्यांच्याजवळ बसून त्यांचे खांदे धरले. "अण्णा, बस करो अब..." तो रडत होता.

मी शिट्टी वाजवली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, टाचेच्या मागची शीर तुटलीय. ऑपरेशन करावं लागेल, पुढचे काही महिने उभ्यानं काम बंद. म्हणजे माग बंद...

अण्णांच्या बायको विड्या वळता वळता उठून तशाच आलेल्या. मला वाटलं, चिडतील, चार शब्द सुनावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "जिंकले का?"

"मॅच अर्धवटच राहिली, वहिनी."

"मग हे उभे कशासाठी राहिले?"

 

संध्याकाळी लीगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निर्णय टाकला. मॅच रद्द, निकाल नाही. पूर्वी मी एक ऑफसाइड दिला तरी या ग्रुपवर आठवडाभर रणकंदन व्हायचं. माझी नजर, माझं बाई असणं, माझी शिट्टी, सगळं निघायचं. मी घरी बसून संतापायचे.

या वेळी कुणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकला. मग आणखी एकानं. बाकी सगळे वाचून गप्प...

मी फोन हातात धरून बसले होते. एकानं तरी म्हणायला हवं होतं... "मॅडम, तुमचा निर्णय चुकला."