टाके घालून बंद केलेली पानं

मला लिहिण्याची सवय नाही. पण वहिनीने ते पुस्तक पुरं केलं हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि तिथे हजर मीच होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून शिवणाचं दुकान तीच चालवते. मी काजं-बटणं करतो, इस्त्री फिरवतो. तिच्या हातून अर्धवट कपडा कधी गिऱ्हाइकाकडे गेला नाही. पुस्तकं मात्र सगळी अर्धवट राहिली. एकदा माझी मोठी बहीण वाचनालयातून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन आली आणि कापणीच्या टेबलावर ठेवली.

"घे. माझं वाचून झालंय. पण तुझं काय, चार पानं वाचशील आणि उशाला घेशील."

"माझी उशी बरी आहे, वन्सं," वहिनी म्हणाली. "हे संपवीन. नाही संपवलं तर पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही. भावजी साक्षीला आहेत."

साक्षीदार म्हणून मी किती कामाचा, देव जाणे.

गोष्ट होती वेढा पडलेल्या शहराची. कडाक्याचा हिवाळा, धान्य संपत आलेलं, आणि पावाची भट्टी चालवणारी एक बाई, आपल्या लहान मुलीसह. वहिनी जेवणानंतर मशीनवर कोपर टेकून वाचायची आणि कुरकुरायची. "या लेखकाला जन्मात कुणी हसवलं नसेल का हो?" तरी वाचत राहिली.

मग मुलगी आजारी पडली. पुढच्या प्रकरणाच्या दोन ओळी वाचून वहिनीने पुस्तक खाली ठेवलं, सुई ओवली आणि त्या प्रकरणाच्या सगळ्या पानांच्या कडेला धावदोरा घातला. नको तो भाग आत दुमडून शिवायचा, ही आमची धंद्यातली रीत.

"वहिनी, पुस्तक वाचनालयाचं आहे."

"कच्चा टाका आहे. ओढला की निघतो."

तिथून तिने वेग घेतला. शेवटाकडे वेढा उठला, शत्रू पळाला, आणि बर्फात मागे राहिलेलं शत्रूचं एक पोर भट्टीवालीने उचलून घरी आणलं. वहिनीने पुस्तक धाडकन मिटलं.

"वेडी आहे का ही? यांनीच उपाशी मारलं ना सगळ्यांना? मला नाही वाचायचं पुढे."

मोजकीच पानं उरली होती. मी सहसा बोलत नाही. पण हातात इस्त्री असली की थोडा धीर येतो.

"वहिनी, बाही नीट बसली नाही तर तुम्ही काय करता?"

"उसवते. दुसरं काय?" ती वैतागून म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघतच राहिली.

तिने पानांवरचा दोरा कापला आणि ते प्रकरण वाचायला घेतलं. मशीन बंद राहिलं. पँट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी हळूच परत पाठवलं. वहिनीने अस्तराच्या चिंधीने डोळे पुसले.

"मुलगी जाताना आईला सांगते, भट्टी विझू देऊ नकोस, कुणीतरी भुकेलं येईल. भावजी, मी नेमकं हेच शिवून टाकलं होतं."

उरलेली पानं तिने मला मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला तिचा आवाज मुळीच हलला नाही.

थोड्या वेळाने बहीण आली. "संपलं?"

"संपलं."

"मग सांग बघू, ते पोर ती घरी का आणते?"

वहिनीने सांगितलं. बहिणीने पुस्तक पुढे ओढलं. "असं कुठे आहे त्यात?"

"मुलगी जाते त्या प्रकरणात."

बहीण गिऱ्हाइकाच्या स्टुलावर टेकली. "ते मी गाळलं होतं. वाचवेना मला."

वहिनी इतकी हसली की तिच्या गळ्यातली टेप खाली पडली. "म्हणजे वन्सं, मी निदान टाके तरी घातले होते! बसा आता. वाचून दाखवते."

आणि तिने वाचून दाखवलं. बहीण मधे एकदाही बोलली नाही, ही आमच्या घरातली मोठीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी त्या पानांवर मलमल ठेवून कोमट इस्त्री फिरवली. सुईची भोकं बरीचशी दबली, अगदीच गेली नाहीत. वाचनालयात परत जाईपर्यंत ते पुस्तक वहिनीने तयार कपड्यांच्या फळीवर ठेवलं. त्या फळीवर अर्धवट काही ठेवलेलं तिला चालत नाही.