भांडणापुरतं इंग्रजी

आमच्या पेडगावच्या घरात नवराबायकोला भांडायला जागा नाही. घर पत्र्याचं, खोल्या तीन, आणि मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचायच्या आधीच दमून थांबलेल्या. या खोलीत शिंक आली की पलीकडून सासूबाई विचारतात, "सर्दी झाली का गं?" अशा घरात भांडायचं तरी कसं? आम्ही त्यावर तोडगा काढला होता. आम्ही इंग्रजीत भांडायचो.

लग्न जमवताना दोन्हीकडच्या मंडळींनी याच इंग्रजीचं भारी कौतुक केलं होतं. माझं एम. ए. इंग्रजी, यांचं बी. ए.ला इंग्रजी, जोडा कसा शोभून दिसेल वगैरे. पुढे हे खत-बियाण्यांच्या दुकानात बसले आणि मी घरी शिकवण्या घ्यायला लागले. माझं इंग्रजी गाईड पाठ करून आलेलं, यांचं क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून. त्यामुळे भांडण ऐन रंगात आलं की मी 'फर्स्टली, सेकंडली' करत मुद्दे मांडायची आणि हे मध्येच 'वेल लेफ्ट' म्हणून बाजूला व्हायचे.

इंग्रजीत भांडायचा एक मोठा फायदा होता. मराठीत मी यांना अहो-जाहो करते, आणि अहो-जाहो करत भांडणं म्हणजे डोक्यावरचा पदर सांभाळत पळणं. इंग्रजीत तेही यू आणि मीही यू. अडचण एकच, मास्तरीण भांडतानाही मास्तरीणच राहते. हे ओरडले, "आय ॲम हिअरिंग यू!" की मी भांडण थांबवून समजावून सांगायची: नुसतं कानावर पडतं ते हिअर, लक्ष देऊन ऐकतात ते लिसन, आणि तुम्ही लग्न झाल्यापासून फक्त हिअर करताय. हे म्हणायचे, मी अँग्री नाही, अपसेट आहे. मी म्हणायची, ताट आपटतो तो अँग्री. अपसेट माणसाला जेवण जात नाही, आणि तुमची तर तिसरी भाकरी चालू आहे. यावर ते चौथी मागून घ्यायचे.

मागच्या हिवाळ्यात मात्र भांडणाला खरा विषय मिळाला. गंगाखेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मुलाखत देऊन आले होते. तिथून फोन आला: येता सोडून पुढच्या सोमवारी रुजू व्हा, जमणार नसेल तर तसं कळवा, आम्ही दुसऱ्या कुणाला तरी घेतो. पेडगावहून रोज जाऊन-येऊन करायचं तर आधी परभणी गाठायची, तिथून दुसरी गाडी, म्हणजे नोकरीपेक्षा प्रवासच जास्त. तिथं खोली करून राहणं एवढाच मार्ग होता. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की फोन ठेवल्यावर मी मोरीचं दार लावून आत नाचले.

यांचं उत्तर तयारच होतं. "मदर विल नॉट अलाऊ."

मला ते खरं वाटलं. सासूबाई तशा कडक. दोन दिवस माहेरी जायचं म्हटलं तरी त्या आधी भुवया वर करतात आणि मग परवानगी देतात. इथं तर खोली करून राहायचं होतं. पण आईला एकदा विचारा तरी, असं म्हटलं की हे टाळायचे. विचारून तिला दुखवायचं कशाला, मदर इज द रिझन, विषय संपला. मग माझ्यातली मास्तरीण पुन्हा जागी व्हायची. रिझन वेगळं, एक्स्क्यूज वेगळं. रिझन आधी असतं आणि त्यावरून माणूस ठरवतो. एक्स्क्यूजवाला आधी ठरवून बसतो आणि मग कुणाच्या गळ्यात घालता येईल ते बघत हिंडतो. "डोंट टीच मी," हे म्हणायचे. असा सगळा आठवडा गेला.

शनिवारी दुपारी सासूबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या आणि आमचं दारातच जुंपलं होतं. हे पुन्हा मदर म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. मी ओरडले, "मला जायचंय! सोमवारी मला गंगाखेडला नोकरीवर रुजू व्हायचंय!"

सासूबाईंचं सूप थांबलं. 

"मग जा की," त्या म्हणाल्या. "कोण धरून ठिवलंय?"

"आत्याबाई, तुमी नको म्हणणार होता ना?" मी सासूबाईंना विचारलं.

"मला इचारलं कवा कुणी? आठ दिस झालं तुमचं विंग्रजी चालू हाय. मला वाटलं, खताच्या भावावरून भांडायलाव." मग त्या लेकाकडे वळल्या. "अन् तू माझ्या नावावर कशाला खपवायलास रे? मी कवा न्हाई म्हणले? गंगाखेडात गोदा-गंगा हाय. खोली जरा मोठी बघा, मीबी येत जाईन अंघोळीला."

हे मटकन पायरीवर बसले. मी आठवडाभर जमवलेली सगळी उत्तरं जिभेवर होती, आज यांना सोडायचं नाही असं ठरलेलंच होतं. पण यांचं तोंड अगदी बारीक झालं होतं. माझ्याआधी हेच बोलले, आणि चक्क मराठीत बोलले.

"इथं मला समदे ओळखतेत. कोणतं बियाणं टाकू म्हणून माणसं दुकानावर इचारायला येतेत. तिकडं तुझ्याकडं आलो तर मी कोण? मॅडमचा नवरा."

मला हसू आलं, संताप आला आणि मायाही आली, सगळं एकदमच. इतक्या दिवसांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलत होता. मी शेजारी जाऊन बसले.

"अन् लग्न झाल्यापासून मी इथं कोण हाय?" मी विचारलं.

यांनी आईकडे बघितलं. आई तूर पाखडण्यात गर्क होती.

"दुकानदाराची बायको," हे शेवटी हळूच म्हणाले, आणि उठून कपाटावरची माझी बॅग काढायला आत गेले.